जुळी बाळं आणि जन्मजात व्यंगं: पुण्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नवजात अतिदक्षता विभागातल्या बाळांच्या आईवडिलांशी बोलणं आणि त्यांना रिपोर्ट समजावून सांगणं हे माझं काम. जुळी किंवा तिळी असलेल्या घरांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. उपचारांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा. पण त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं हे आधी ठाऊक असलं, तर पाच मिनिटांची भेटही कामी येते. त्यातला पहिला प्रश्न मी सगळ्यांना पाठच करायला लावते: वार एक आहे की दोन? वार म्हणजे गर्भाशयात बाळाला पोषण पोचवणारा भाग, बाळाची नाळ तिलाच जोडलेली असते.

जुळ्यांमध्ये जन्मजात व्यंग जास्त असतं, हे खरं का?

काही जुळ्यांमध्ये खरं आहे, सगळ्यांमध्ये नाही. एकट्याने जन्मणाऱ्या दर शंभर बाळांमागे साधारण २ ते ३ बाळांना मोठं जन्मजात व्यंग असतं. दोन वेगळ्या स्त्रीबीजांपासून झालेली जुळी म्हणजे एकाच वेळी पोटात वाढलेली साधी भावंडं. त्यांच्यात दर बाळामागचा धोका जवळपास तेवढाच राहतो. एकाच स्त्रीबीजापासून झालेल्या जुळ्यांमध्ये मात्र तो दुप्पट-तिप्पट होतो, आणि त्यातला बराचसा भार एकच वार वाटून घेणाऱ्या जोड्यांवर पडतो. शिवाय बाळं दोन, म्हणून "दोघांपैकी एकाला तरी काही निघेल" ही शक्यता कुठल्याही जुळ्यांत एकट्या बाळापेक्षा जास्तच असते. तरीही बहुतेक जुळी, अगदी एका वारेवरचीसुद्धा, कुठल्याही मोठ्या व्यंगाशिवाय जन्मतात.

वार एक की दोन, याला एवढं महत्त्व का? आणि ते कळतं कधी?

कारण पुढच्या तपासण्या किती दिवसांनी, कोणत्या आजारावर लक्ष ठेवायचं, बाळंतपण कोणत्या आठवड्यात, हे सगळं त्यावरून ठरतं. फलित बीज पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोन्ही बाळांना वेगळी वार आणि पाण्याची वेगळी पिशवी मिळते. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास दुभंगलं तर वार एक, पिशव्या दोन. त्यानंतर दुभंगलं तर वारही एक आणि पिशवीही एक. आणि तेराव्या दिवसानंतर दुभंगायला लागलं तर बाळं एकमेकांपासून पूर्ण सुटी होत नाहीत, चिकटलेली राहतात. म्हणजे दोन वारा दिसल्या म्हणून जुळी दोन बीजांचीच असतील असं नाही. एका बीजाच्या जोड्यांपैकी साधारण एक तृतीयांश जोड्यांना दोन वारा असतात.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे टेकतो तिथे जाडसर त्रिकोण दिसला तर वारा दोन. पडदा पातळ आणि सरळ उभा टेकलेला असला तर वार एक. डॉक्टर यांना लॅम्डा खूण आणि टी खूण म्हणतात. चौदा आठवड्यांनंतर दोन वारा एकमेकींना भिडतात, त्रिकोण पुसट होतो आणि खात्रीने सांगणं अवघड जातं.

रिपोर्टमध्ये डीसीडीए लिहिलं असेल तर दोन वारा, दोन पिशव्या. एमसीडीए म्हणजे एक वार, दोन पिशव्या. एमसीएमए म्हणजे दोन्ही एकच. नुसतं "ट्विन प्रेग्नन्सी, दोन्ही बाळांचे ठोके चांगले" एवढंच लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी, केंद्रातून बाहेर पडायच्या आधी, वारेबद्दल लिहून मागा. तुमचा तो हक्क आहे आणि नंतर ती माहिती पैसे मोजूनही मिळेलच असं नाही.

इथेच एक सांगते. परदेशात एक मुलगा, एक मुलगी दिसली की बीजं दोन आणि वाराही दोन, असा सोपा धागा डॉक्टर आईला सांगू शकतात. आपल्याकडे १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे लिंग सांगणं गुन्हा आहे, आणि तो कायदा तसाच कडक राहायला हवा. म्हणून कुणालाही लिंगाबद्दल खुणेनेसुद्धा विचारू नका. वारेचं उत्तर लिंगाशिवाय मिळतं.

दोघं एकाच बीजाची, मग व्यंग एकालाच कसं?

हा प्रश्न बहुतेक वेळा वडील विचारतात. अगदी हुबेहूब जुळ्यांमध्येही शरीराच्या रचनेतलं व्यंग बहुतांश वेळा एकाच बाळात असतं. बीज दुभंगण्याची घडामोडच नाजूक असते, त्यात एका बाजूची जडणघडण बिघडू शकते. वार एक असली तर दोघांच्या रक्तवाहिन्या तिच्यात एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि रक्ताची वाटणी विषम झाली की हृदयावर वेगवेगळा ताण येतो. नाळ वारेला कुठे जोडली गेली यावरही पोषण ठरतं. गुणसूत्रांचा दोष मात्र वेगळा. डाउन सिंड्रोम असला तर एका बीजाच्या जुळ्यांत तो सहसा दोघांनाही असतो, आणि दोन बीजांच्या जुळ्यांत बहुधा एकालाच.

कोणती व्यंगं जास्त दिसतात?

हृदयाची सर्वांत जास्त. एकट्या बाळांमध्ये शंभरात जेमतेम एकाला असणारा हृदयदोष एका वारेच्या जुळ्यांमध्ये कितीतरी पटींनी जास्त आढळतो, म्हणून त्यांच्यासाठी बाळाच्या हृदयाची वेगळी सोनोग्राफी, म्हणजे फीटल इको, करायला सांगतात. ती साधारण २० ते २४ आठवड्यांत होते. "ॲनोमली स्कॅन (व्यंग शोधायची सोनोग्राफी) झालाय, तो चांगला आहे, आता पुन्हा कशाला?" असं म्हणून ती टाळू नका. त्याखालोखाल मेंदू आणि मणक्याचे दोष, दुभंगलेला ओठ-टाळू, पोटाच्या भिंतीचे आणि मूत्रमार्गाचे दोष. चिकटलेली जुळी फारच दुर्मिळ, पन्नास हजार ते एक लाख जन्मांत एखादी जोडी.

डॉक्टर टीटीटीएस म्हणाले. हे पण व्यंगच का?

नाही, आणि हा फरक समजून घ्या, कारण यावर वेळेत उपाय करता येतो. वार एक असलेल्या १० ते १५ टक्के जोड्यांमध्ये एका बाळाचं रक्त जोडलेल्या वाहिन्यांतून दुसऱ्याकडे जास्त जाऊ लागतं. देणाऱ्या बाळाभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याभोवती पाणी साचतं आणि त्याच्या हृदयावर भार येतो. उपचार न करता सोडलं तर दोघांचाही जीव जाऊ शकतो.

म्हणूनच एका वारेच्या आईला सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगतात. दोन वारा असतील तर साधारण महिन्याने चालतं. पोट चार-दोन दिवसांत एकदम ताणल्यासारखं वाढलं, झोपल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. साधारण १६ ते २६ आठवड्यांत दुर्बिणीतून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करता येतात. हे काम गर्भ-वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांचं. आजाराची शंका आली की आपल्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी चिठ्ठी मागून घ्या. गावाकडून येणाऱ्यांनी पुण्यात राहायची सोय आधीच बघून ठेवावी. ऐन वेळी शिरूर-भोरहून निघताना त्यातच अर्धा दिवस जातो.

जोडकेळं खाल्लं, ग्रहणात भाजी चिरली, म्हणून झालं का?

नाही. जोडकेळ्याने जुळी होत नाहीत आणि ग्रहणात विळी-सुरी हातात घेतल्याने ओठ फाटत नाही. ओठ आणि टाळू गरोदरपणाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जुळून येतात. त्यानंतर पडलेल्या ग्रहणाचा संबंध लावायचा म्हटलं तरी तारखा जुळत नाहीत. हे मी मुद्दाम सासूबाईंसमोर सांगते, कारण आधीच खचलेल्या सुनेच्या डोक्यावर हा दोष ठेवला जातो आणि ती तो वर्षानुवर्षं वाहते.

मग कारणं कोणती? आमच्या हातात काही होतं का?

बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. काही गोष्टी मात्र पक्क्या माहीत आहेत. आईची साखर गर्भ राहायच्या आधीपासून वाढलेली असली तर हृदय आणि मणक्याचे दोष वाढतात. फिट्सवरची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट, आणि मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या धोक्याच्या आहेत. पण फिट्सची गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांकडून बदलून घ्या. मशेरी आणि तंबाखूने बाळाचं वजन घटतं, आणि जुळ्यांचं वजन मुळातच कमी.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न आपल्याकडे नवं नाही. चुलत-मामे-आत्येभावंडांच्या लग्नात व्यंगाचा धोका साधारण दुप्पट होतो. म्हणजे अशा बहुतेक घरांतही बाळं निरोगीच जन्मतात, पण नातं डॉक्टरांना आधी सांगितलं तर योग्य तपासण्या होतात. लाजून लपवू नका.

फॉलिक ॲसिडचं गणित बहुतेकींचं चुकतं. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे २८ दिवसांत बंद होते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. म्हणून रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी गर्भ राहायच्या आधी निदान महिनाभर सुरू हवी. साखर असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल तर डॉक्टर जास्त डोस देतात.

आणि मुलगा व्हावा म्हणून कुणी पुडी दिली तर ती घेऊ नका. अशा औषधांचा जन्मजात व्यंगांशी संबंध आढळलेला आहे.

आमची आयव्हीएफची जुळी आहेत. धोका जास्त का?

थोडा जास्त, आणि दोन गर्भ सोडल्याने जुळं होण्याची शक्यताही वाढते. उपचार सुरू करायच्या आधी असाल तर एकच गर्भ सोडण्याबद्दल बोला. आणि एक सोडला म्हणजे जुळं होणारच नाही असंही नाही, तो दुभंगू शकतो, आणि मग वार बहुधा एकच असते.

डबल मार्कर, एनपीटी, पोटातून पाणी काढणं: जुळ्यांमध्ये यांचा उपयोग होतो का?

होतो, पण एकट्या बाळाइतका सरळ नाही. आईच्या रक्तात दोन्ही बाळांच्या खुणा मिसळलेल्या असतात, त्यामुळे नुसत्या डबल मार्करवर विसंबता येत नाही. ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत प्रत्येक बाळाच्या मानेमागचं पाणी वेगळं मोजता येतं, म्हणून ती मोलाची. एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या डीएनएची तपासणी, जिला बरेच जण एनपीटी म्हणतात, जुळ्यांमध्ये डाउन सिंड्रोमसाठी चांगली चालते. पण सुरुवातीला जुळं होतं आणि एक गर्भ विरून गेला असेल तर ती फसवू शकते, तेव्हा ती गोष्ट प्रयोगशाळेला सांगायलाच हवी. तिळ्यांत तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. या सगळ्या चाळण्या आहेत. पक्कं निदान बाळाभोवतीचं पाणी किंवा वारेचा तुकडा तपासूनच होतं.

एका बाळाला गंभीर व्यंग आहे, दुसरं चांगलं आहे. आम्ही काय करायचं?

या प्रश्नाला कुणीही बाहेरून उत्तर देऊ नये, मीही देत नाही. पण निर्णयाआधी काय माहीत हवं ते सांगते.

काही घरं दोन्ही बाळं पुढे नेतात आणि जन्मानंतरच्या उपचारांची तयारी करतात. काही जण व्यंग असलेल्या बाळाची वाढ थांबवायचा कठीण निर्णय घेतात. इथे पुन्हा वारेचाच प्रश्न. दोन वारा असतील तर एका बाळाला इंजेक्शन देता येतं. वार एक असेल तर ते इंजेक्शन मुळीच चालत नाही, औषध आणि रक्त दुसऱ्या बाळापर्यंत पोचतं. तिथे नाळेचा प्रवाह बंद करण्याची वेगळी पद्धत लागते. एका वारेत एक बाळ आपोआप दगावलं तरी दुसऱ्याच्या जिवाला साधारण १५ टक्के धोका असतो आणि वाचलेल्या साधारण चौघांपैकी एकाच्या मेंदूला इजा होऊ शकते. दोन वारा असतील तर हे आकडे खूपच कमी.

कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे, आणि गर्भात मोठं व्यंग असेल तर त्यापुढे वैद्यकीय मंडळ निर्णय देतं. म्हणून अठरा ते वीस आठवड्यांची ॲनोमली स्कॅन "थोडी पुढे ढकलू" म्हणू नका.

एकच मत ऐकून ठरवू नका. गर्भ-वैद्यक, बालहृदयरोग किंवा बालशल्य, ज्या भागाचं व्यंग असेल त्या तज्ज्ञाला गरोदरपणातच भेटा. "हृदयाला छिद्र" या दोन शब्दांत आपोआप बुजणारं छिद्रही येतं आणि पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया लागणारा दोषही येतो.

बाळ काचेच्या पेटीत आहे. पीडीए सांगितलंय, गोटी उतरलेली नाही म्हणतात. ही व्यंगंच ना?

बहुधा नाही. निम्म्याहून अधिक जुळी ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. पीडीए म्हणजे पोटात असताना उघडी असणारी हृदयाजवळची वाहिनी वेळेआधी आलेल्या बाळात उघडीच राहणं. ती अपुऱ्या दिवसांची खूण आहे. गोटी खाली उतरायचं काम शेवटच्या महिन्यांत होतं, ते बाहेर आल्यावर पूर्ण होतं. सहा महिन्यांनंतरही उतरली नाही तर बालशल्यतज्ज्ञांना दाखवा.

डोळ्यांच्या तपासणीबद्दल मात्र मी हात जोडून सांगते. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा. फारच लहान बाळांचा त्याच्याही आधी. आरओपी नावाचा हा आजार बाहेरून दिसत नाही, आणि उपचाराची वेळ निघून गेली की दृष्टी परत येत नाही. घरी सोडताना कागदावर तारीख लिहून घ्या. दोन्ही बाळांची.

पाऊल वळलेलं आहे, डोकं एका बाजूला चपटं आहे.

दोघांना जागा कमी पडल्याने असं होतं. हाताने अलगद सरळ होणारं पाऊल मालिश-व्यायामाने बसतं. सरळ होत नसेल तर तो खरा क्लबफूट. पहिल्या काही आठवड्यांत दर आठवड्याला बदलायचं प्लास्टर, मग बहुधा टाचेच्या शिरेवर छोटी शस्त्रक्रिया आणि चार-पाच वर्षांचा होईतो रात्री घालायचे खास बूट. बूट लवकर सोडले की पाऊल पुन्हा वळतं.

एकाची टाळू दुभंगलेली आहे. दोघांना कसं पाजू?

टाळू उघडी असली की तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ तासभर छातीशी राहतं, दमतं, झोपतं, आणि वजन वाढत नाही. दूध नाकातून आलं की सगळे घाबरतात. बाळाला उभं धरून नाक पुसा आणि जरा थांबा, एवढंच करायचं.

या बाळाला आईचंच दूध काढून बोंडल्याने पाजा. घरोघरी असणारं आजीच्या काळचं बोंडलं इथे फार उपयोगी पडतं. बाळाला जवळजवळ बसतं धरा, मान आणि पाठ हाताच्या आधारावर. बोंडल्याची चोच खालच्या ओठावर, गालाच्या बाजूला टेकवा, चमचाभर दूध जाऊ द्या, गिळेपर्यंत थांबा. घाईघाईने ओतलं तर श्वासात जातं. मध्ये दोन-तीनदा ढेकर काढा. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लावू नका, बाळ कमावतं त्यापेक्षा जास्त खर्च करतं. दुसरं बाळ एका बाजूने पीत असताना दुसऱ्या बाजूचं दूध काढून ठेवता येतं. पहिल्या आठवड्यात हे एकटीने जमत नाही. शेजारी आई, सासू किंवा नवरा कुणीतरी हवंच. दूध कमी पडत असेल तर विभागातल्या सिस्टरना मानवी दूध बँकेबद्दल विचारा, ससूनमध्ये ती आहे. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत, टाळूची नऊ ते अठरा महिन्यांत होते, वजन चांगलं असलं तर.

खर्च झेपणार नाही. सरकारी मदत आहे का?

आहे, आणि ती मागायला संकोच करू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार त्यात येतात. मणक्याचा दोष, डाउन सिंड्रोम, दुभंगलेला ओठ-टाळू, क्लबफूट, खुब्याचा सांधा, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष आणि आरओपी ही नऊ जन्मजात दुखणी त्याच्या यादीत आहेत. सुरुवात आशाताईंपासून किंवा जिल्हा रुग्णालयापासून करता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. अमुक शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे दाखल होण्याआधी विचारा. ससून, मंगळवार पेठेतलं कमला नेहरू आणि पिंपरीतलं यशवंतराव चव्हाण रुग्णालय ही सरकारी-पालिकेची मोठी ठिकाणं.

दोन्ही बाळांच्या फाइली, जन्मदाखले, औषधांच्या चिठ्ठ्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. "ट्विन १" आणि "ट्विन २" असंच सगळीकडे लिहिलेलं असतं आणि एकाचा इको रिपोर्ट दुसऱ्याच्या फाइलमध्ये जायला वेळ लागत नाही. दोन रंगांच्या पिशव्या घ्या.

एक बाळ घरी आलं, एक अजून दवाखान्यात. बारसं करायचं का?

नाव दोघांचंही ठेवा. पेटीतल्या बाळाला नावाने हाक मारणारे आईबाप त्याच्याशी जास्त बोलतात, हे मी रोज बघते. पाळणा नंतर एकत्र घालता येईल. नातेवाइकांना सगळा रिपोर्ट सांगायची गरज नाही. "हृदयाचा त्रास आहे, उपचार चालू आहेत" इतकं पुरे. घरी आणलेल्या बाळाचं कौतुक करताना अपराधी वाटतं, असं कित्येक आया सांगतात. त्या बाळालाही तुमचं हसणं हवंय.

एकाला दोष निघाला. जे चांगलं आहे त्याच्याही तपासण्या करायच्या का?

हो, विशेषतः वार एक असेल तर. दुसऱ्या बाळाचा इको, ते अतिदक्षता विभागात राहिलं असेल तर कानांची बेरा तपासणी आणि पहिल्या दोन वर्षांत वाढीच्या टप्प्यांवर लक्ष. मान धरणं, बसणं, बोलणं यांचं मोजमाप वेळेआधी आलेल्या बाळात जन्मतारखेपासून करायचं नसतं, डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून करायचं असतं. दोघांची एकमेकांशी तुलना करून घाबरू नका, पण मूळ तारखेच्या हिशेबाने चार महिन्यांनंतरही मान धरली नाही तर त्याच आठवड्यात दाखवा.